वेताळाची चाकरी : प्रस्तावना

अमानुष सत्त्वांच्या अधिपतीची सेवा करावी आणि त्या सेवेच्या मोबदल्यात माणसाला एरवी अप्राप्य असलेले सामर्थ्य मिळवावे, ही कल्पना अनेक जुन्या संस्कृतींत आढळते. महाराष्ट्र, कोकण आणि गोमंतक या पट्ट्यात तिने सर्वांत ठसठशीत रूप घेतले ते वेताळाच्या ठायी. वेताळ हा शिवाच्या गणांपैकी एक, भूतपिशाचांचा राजा आणि स्मशानाचा धनी. संस्कृत कथांत तो प्रेतात शिरतो, त्याला हलवतो, बोलवतो आणि हसवतो. गावगाड्यात मात्र तोच वेताळ कुठे तांदळ्याच्या, म्हणजे न घडवलेल्या शेंदूरमाखल्या दगडाच्या, तर कुठे शस्त्र धरलेल्या धिप्पाड पुरुषमूर्तीच्या रूपाने उभा राहून वेशीची राखण करतो. माणूस या वेताळाकडे काय मागतो, त्यासाठी काय देतो आणि मिळालेल्या सामर्थ्याचे पुढे काय करतो, या तीन प्रश्नांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या विषयावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक वाट हे सारे अडाणीपणाचे अवशेष मानून दोन वाक्यांत निकालात काढते, आणि दुसरी त्यात हरवलेली गूढविद्या शोधत बसते. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते, ती अशी की परंपरेने स्वतःच या व्यवहाराची चिकित्सा केली आहे आणि ती चिकित्सा अतिशय बारकाईची आहे. वेताळाची सेवा करणारा प्रत्येक साधक परंपरेला सारखा वाटत नाही. कोणाची सेवा केली, याकडे ती फारसे पाहत नाही. सेवेची किंमत कोणाच्या देहातून वसूल झाली, हे ती पाहते. ज्याने आपले रक्त, आपली झोप आणि आपले भय पणाला लावले त्याला कथा राज्य देते, आणि ज्याने दुसऱ्याची मान पुढे केली त्याचे डोके त्याने साधनेसाठी रेखलेल्या मंडलातच पडते. हा न्याय बाणभट्टापासून कोकणातल्या भूतबाधा काढणाऱ्या घाड्यापर्यंत कसा टिकून राहिला, हे दाखवता आले तर या प्रस्तावनेचे काम झाले असे म्हणता येईल.

प्रथम परिभाषेचा थोडा उलगडा आवश्यक आहे. साधना म्हणजे विशिष्ट फळासाठी, ठरावीक काळ, ठरावीक नियमांनी केलेली उपासना, आणि सिद्धी म्हणजे तिचे फळ. योगशास्त्रातील अणिमा, गरिमा आदी आठ सिद्धी सर्वपरिचित आहेत. स्मशानसाधकाला हव्या असलेल्या सिद्धी मात्र वेगळ्या आणि अधिक ऐहिक आहेत. हाती येताच आकाशगमनाचे सामर्थ्य देणारे खड्ग, डोळ्यांत घालताच जमिनीखालचे धन दाखवणारे अंजन, पायाला लावला की अंतर तोडणारा लेप, तोंडात धरली की माणसाला अदृश्य करणारी गुटिका आणि पाताळात उतरण्याची वाट, अशी त्यांची यादी तंत्रग्रंथांत आणि कथावाङ्मयात पुन्हा पुन्हा येते. या साऱ्यांच्या शिखरावर विद्याधरपद असते. विद्याधर म्हणजे मंत्रविद्येच्या बळावर आकाशात संचार करणारी, माणूस आणि देव यांच्या मधली योनी. जन्माने माणूस असलेला साधक या योनीत जाऊ शकतो, ही या साऱ्या खटाटोपामागची मोठी आशा होय. याच्या अगदी खालच्या पायरीवर कर्णपिशाचाची साधना येते, ज्यात वश झालेले पिशाच साधकाच्या कानात समोरच्याचे भूत-वर्तमान कुजबुजते, असे मानतात.

या साधनेचे सर्वांत तपशीलवार जुने चित्र बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, तिसऱ्या उच्छ्वासात सापडते. हा ग्रंथ सातव्या शतकातला. हर्षाचा पूर्वज पुष्पभूती हा स्थाण्वीश्वराचा, म्हणजे आजच्या हरियाणातील ठाणेसरचा राजा. त्याच्याकडे भैरवाचार्य नावाचा दाक्षिणात्य महाशैव येतो आणि अट्टहास नावाची तलवार त्याला भेट देतो. ती तलवार भैरवाचार्याच्या पाताळस्वामी नावाच्या शिष्याने एका ब्रह्मराक्षसाच्या हातातून हिसकावून घेतलेली आहे. पुढे भैरवाचार्य राजाला वेताळसाधनेत साह्य मागतो. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री महास्मशानात भस्माने मंडल रेखलेले आहे, त्यात रक्तचंदनाने माखलेले, लाल माळा आणि लाल वस्त्रे घातलेले प्रेत उताणे पडलेले आहे, आणि काळी पगडी, काळे वस्त्र व काळी उटी ल्यालेला भैरवाचार्य त्या प्रेताच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात पेटवलेल्या अग्नीत काळ्या तिळांची आहुती देत आहे. टिटिभ, कर्णताल आणि पाताळस्वामी हे तीन शिष्य तीन दिशा राखतात आणि चौथी दिशा राजा राखतो. मध्यरात्री जमीन दुभंगते आणि त्या प्रदेशाचा स्वामी श्रीकंठ नाग, आपल्याला बली न देता साधना चालवली म्हणून खवळून वर येतो. राजा त्याच्याशी बाहुयुद्ध करून त्याला पाडतो, तलवार उगारतो, आणि त्याच्या अंगावर यज्ञोपवीत दिसताच हात आवरतो.

या ठिकाणी बाणाने जे केले आहे ते विलक्षण आहे. राजाचे शौर्य आणि संयम पाहून साक्षात लक्ष्मी प्रकट होते आणि वर माग म्हणते, तेव्हा राजा स्वतःसाठी काहीही मागत नाही. भैरवाचार्याची साधना फळाला यावी, एवढेच मागतो. भैरवाचार्य विद्याधर होऊन आकाशात निघून जातो, आणि न मागितलेले फळ म्हणून राजाला थोर वंशाचे आश्वासन मिळते. म्हणजे हर्षासारख्या सम्राटाच्या घराण्याचे मूळ बाणाने यज्ञवेदीजवळ न शोधता स्मशानात शोधले, आणि तसे करताना त्याला कोणताही संकोच वाटला नाही. या प्रसंगात प्रेत आहे, पण बळी नाही. ज्याची मान कापणे शक्य होते त्या नागालाही जीवदान मिळाले आहे. जोखीम फक्त जागे राहिलेल्या चौघांची आणि प्रेतावर बसलेल्या एकाची आहे, आणि म्हणून फळ स्वच्छ आहे. याच ग्रंथात पाचव्या उच्छ्वासात हर्षाचा पिता राजा प्रभाकरवर्धन मरणपंथाला लागलेला असताना राजधानीत लोक काय काय करत होते याचे वर्णन येते, त्यातही एक द्रविड नरकपाल अर्पून वेताळाची विनवणी करायला सिद्ध झालेला दिसतो. तिथे मात्र राजा वाचत नाही.

दुसरे महत्त्वाचे चित्र मराठी वाचकाच्या अधिक ओळखीचे आहे, कारण ‘चांदोबा’ मासिकाने ते पिढ्यान् पिढ्या घरोघर पोचवले आणि दूरदर्शनने १९८५ साली ते पडद्यावर आणले. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. लोकप्रिय आवृत्त्यांतला विक्रम उज्जयिनीचा असला तरी सोमदेवाचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, राजा ते कोशाध्यक्षाच्या हवाली करतो, आणि एके दिवशी माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न निघते. आधीची सारी फळे भांडारात कुजून गेलेली असतात आणि त्यांच्या जागी रत्नांची रास लागलेली असते. भिक्षूची मागणी पुढे येते ती यानंतर : येत्या कृष्ण चतुर्दशीला महास्मशानात यावे आणि दक्षिणेकडच्या शिंशपा वृक्षावर, म्हणजे शिसवीच्या झाडावर, लटकणारे प्रेत मौन राखून घेऊन यावे.

प्रेतातल्या वेताळाने वाटेत सांगितलेल्या कथा आणि टाकलेली कोडी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची पुनरुक्ती इथे नको. लक्ष द्यायचे ते चौकटीकडे. उत्तर ठाऊक असून सांगितले नाही तर डोके फुटेल आणि सांगितले तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाईल, अशा कात्रीत सापडलेला राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी मागे फिरून तेच ओझे खांद्यावर घेतो. अखेर एका बापाने एका परक्या मुलीशी आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी लग्न केले तर त्यांच्या संततीचे परस्पर नाते काय, या कोड्यापुढे तो खरोखर निरुत्तर होतो, आणि त्याच्या चिकाटीवर प्रसन्न झालेला वेताळ त्याला भिक्षूचा बेत सांगून टाकतो. हाडांच्या पांढऱ्या चुऱ्याने रेखलेल्या, रक्ताने सारवलेल्या आणि माणसाच्या चरबीचे दिवे लावलेल्या मंडलात क्षांतिशील राजाला साष्टांग नमस्कार घालायला सांगणार आहे आणि वाकलेल्या राजाचाच बळी देणार आहे. राजाने ‘आधी तूच करून दाखव’ असे म्हणावे, असा सल्ला वेताळ देतो. पुढे काय घडते ते प्रसिद्ध आहे : नमस्कार करून दाखवायला वाकलेल्या क्षांतिशीलाचेच डोके राजा उडवतो. क्षांतिशीलाने वर्षानुवर्षे चिकाटीने साधना केली, विधी चोख मांडला, रत्ने मुक्त हस्ताने दिली, तरी विद्याधरांचे जे स्वामित्व त्याला हवे होते ते वेताळाने त्याच्या शत्रूला दिले. कथेने इथे हिंसेला हिंसेनेच उत्तर दिले आहे आणि राजाच्या हातूनही एक माणूस मारला जातो, हे झाकण्याचे कारण नाही; तथापि ज्याने सापळा रचला त्याच्यावरच तो उलटवणे हा त्या काळच्या कथेचा न्याय होता. यानंतर वर मागताना हाही राजा स्वतःला विसरतो आणि या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात एवढेच मागतो. जिथे या कथा सांगितल्या जातील तिथे यक्ष, वेताळ, डाकिनी आणि राक्षस यांचे काही चालणार नाही, असे अभिवचन खुद्द वेताळ देतो. भूतपतीची सेवा करून मिळालेले शेवटचे फळ म्हणजे भूतांपासून सर्वांना मिळालेले संरक्षण, ही रचना कोणा सामान्य कथाकाराच्या हातून झालेली नव्हे.

सोमदेवाने आपल्या ग्रंथाचे मूळ म्हणून जी हकीकत दिली आहे तीही याच सुरातली आहे. सातवाहनाच्या दरबारातून बाहेर पडलेल्या गुणाढ्याला विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाच्या पिशाचाकडून ‘बृहत्कथा’ ऐकायला मिळाली आणि शाई नसल्यामुळे ती त्याने पैशाची भाषेत स्वतःच्या रक्ताने लिहून काढली, असे तो सांगतो. वेताळाच्या कथा मूळ ‘बृहत्कथे’त होत्या की नंतर शिरल्या याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु पिशाचाकडून मिळालेल्या विद्येची किंमत लेखकाने आपल्याच रक्ताने भरली, हा संकेत मात्र वर पाहिलेल्या न्यायाशी जुळणारा आहे.

विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात लिहिलेल्या ‘मालतीमाधव’ नाटकात याच न्यायाची दुसरी बाजू रंगभूमीवर येते. प्रेमात हताश झालेला नायक माधव पाचव्या अंकात स्मशानात हिंडून भूतपिशाचांना महामांस, म्हणजे नरमांस, विकत घेण्याचे आवाहन करतो. सज्जन, सुशिक्षित नायकाने हे करावे यात नाटककाराला नायकत्वाला बाधा आणणारे काही वाटत नाही. त्याच स्मशानालगत चामुंडेच्या मंदिरात अघोरघंट हा कापालिक, म्हणजे नरकपाल धारण करणारा शैव साधक, आपली मंत्रसिद्धी पुरी करण्यासाठी मालतीचा बळी द्यायला निघालेला असतो, आणि त्याच्या कपालकुंडला नावाच्या शिष्येला आकाशातून फिरण्याची सिद्धी आधीच मिळालेली असते. भूतांशी सौदा दोघेही करतात. एक जण आपल्या निराशेपायी त्यांच्यापुढे एकटा उभा राहतो, आणि दुसरा एका झोपलेल्या मुलीला पळवून आणून तिच्या गळ्यावर शस्त्र धरतो. नाटक पहिल्याला नायक म्हणते आणि दुसऱ्याला त्याच्याच हातून मारते.

युरोपातील समांतर परंपरेशी तुलना केली तर हे वेगळेपण अधिक उठून दिसते. आशिया मायनरमधील अदाना या गावचा थिओफिलस नावाचा धर्माधिकारी पदासाठी सैतानाला करारपत्र लिहून देतो, ही सहाव्या शतकातली मानली जाणारी आख्यायिका आणि १५८७ साली फ्रँकफर्टला छापलेल्या पुस्तकातला डॉक्टर फाउस्ट, जो चोवीस वर्षांच्या मुदतीवर रक्ताने सही करून आपला आत्मा देऊन टाकतो, या दोन्ही कथांत व्यवहार एकदाच होतो आणि तो सर्वस्वाचा असतो. तिथला अंधाराचा राजा ईश्वराचा शत्रू आहे, म्हणून त्याची सेवा हा द्रोह ठरतो आणि हेतू कितीही उदात्त असला तरी सही झाल्याक्षणीच पाप पुरे होते. वेताळ कोणाचा शत्रू नाही. तो शिवाच्या परिवारातला आहे, त्याचा अंमल रात्रीवर आणि स्मशानावर चालतो, आणि त्याच्याशी केलेला व्यवहार मुदतीचा, अटींचा आणि मोडता येण्याजोगा असतो. आत्मा गहाण टाकण्याची कल्पना तिथे मुळातच नाही. म्हणून भारतीय कथेत संशयाचे बोट वेताळाकडे न वळता साधकाकडे वळते.

नाथपंथाने ही चाकरीच उलटी फिरवली. धुंडीसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे सन १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या कृपेने बावन्न वीरांना प्रसन्न करून घेतो, शाबरी विद्या, म्हणजे लोकभाषेतील मंत्रांची विद्या, मिळवतो आणि पुढे भूतावळीसह आलेल्या वेताळाला मंत्राने जेरीस आणून आपल्या आज्ञेत राहण्याचे वचन त्याच्याकडून घेतो. इथे माणूस वेताळाचा चाकर उरत नाही, वेताळ माणसाचा चाकर होतो. घरोघर श्रावणात ज्या ग्रंथाचे पारायण होते त्याच्यात भूतपतीला वश करण्याचे वर्णन इतक्या सहजपणे यावे, यावरून ही कल्पना मराठी मनाला किती जवळची होती याचा अंदाज येतो. वारकरी संतांची भूमिका अगदी निराळी. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रेत आणि भूतगण यांच्या पूजकांना तामस म्हटले आहे, त्यावर ज्ञानेश्वरांनी भाष्य केले, आणि तुकोबांनी जाखाई-जोखाईच्या पंक्तीला वेताळालाही बसवून पंढरीच्या विठोबापुढे त्या सर्वांना क्षुद्र ठरवले. संतांचा आक्षेप भयावर आणि लोभावर होता. ज्याच्यापाशी मागायचे काही उरले नाही त्याला वेताळाची गरज उरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा आहे आणि त्याला सिद्धीच्या कोणत्याही पोथीपाशी उत्तर नाही.

असे असूनही वेताळ गेला नाही, कारण गावाने त्याला सिद्धीच्या बाजारातून बाहेर काढून सार्वजनिक कामाला लावले होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात आरवली येथील वेतोबा, गोव्यातील आमोणे, लोलये, पैंगीण येथील वेताळ, पुण्यात ज्याच्या नावाने टेकडी ओळखली जाते तो वेताळ, ही सारी याच प्रक्रियेची उदाहरणे होत. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या हद्दीभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त नव्या करून आणतात, अशी श्रद्धा आहे, आणि देवळात ठेवलेल्या चपलांच्या तळव्यांवर झिजल्याच्या खुणा लोक एकमेकांना दाखवतात. या चपला माणसाच्या पायात मावणाऱ्या नसतात. नवसाची चप्पल मूर्तीच्या भव्यतेला साजेशी व्हावी म्हणून चर्मकाराकडून ती मुद्दाम घडवून घ्यावी लागते. भूतांच्या राजाला पायताण वाहणे, आणि तेही अशा धर्मव्यवस्थेत जिथे चामडे देवळाच्या पायरीबाहेर राहते, यात या दैवताचे सारे वेगळेपण सामावलेले आहे. रक्त मागणाऱ्या स्मशानाच्या धन्याने गावाची गस्त पत्करली आणि त्याच्या मोबदल्यात त्याला कातडी जोडा मिळाला.

कोकणच्या गावऱ्हाटीत, म्हणजे दैवते, मानकरी आणि त्यांचे हक्क यांनी बांधलेल्या गावव्यवस्थेत, या सेवेला ठरलेली माणसे आहेत. गुरव पूजा करतो, कौल लावतो. ज्याच्या अंगात देव येतो त्याच्यावर अवसर आला असे म्हणतात. घाडी भूतबाधा काढतो आणि देवचार, चाळा यांसारख्या स्थानिक सत्त्वांना नारळ, कोंबडा वगैरे त्यांचा वाटा देऊन शांत ठेवतो. देवळात आणि खळ्यावर उभे राहून भरल्या गावासमोर गाऱ्हाणे घातले जाते, त्यात मागणे साऱ्या गावाचे असते. अमानुष सामर्थ्य इथेही माणसाच्या अंगात उतरते, पण ते दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत आणि कामापुरते उतरते, व काम झाले की निघून जाते. त्याची खासगी मालकी कोणाकडे राहत नाही.

याच्या उलट टोकाला चेडा आहे. चेडा म्हणजे मांत्रिकाने बांधून आपल्या कामाला लावलेले भूत. असे भूत पाळणाऱ्याच्या घरी अचानक बरकत येते, शेजाऱ्याचे पीक त्याच्या खळ्यात येऊन पडते, असे कोकणात सांगतात आणि लगेच पुढेही सांगतात की चेड्याला सतत काम आणि सतत खाणे द्यावे लागते, त्यात खंड पडला की तो घरातल्याच मुलामाणसांना लागतो आणि धन्याच्या पश्चात वंशाच्या मागे लागतो. लोकसमजुतीने वरच्या सगळ्या संस्कृत कथांचे सार या एका शर्तीत उतरवले आहे : ज्या सामर्थ्याची किंमत स्वतः भरायची नाही ते सामर्थ्य पोराबाळांकडून वसुली करते.

ही समजूत बाजूला सारून किंमत दुसऱ्यावर टाकण्याचे जे प्रकार घडले ते कथेतले नाहीत. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस, याला जमिनीतले धन दिसते असा समज महाराष्ट्रभर होता आणि गुप्तधनाच्या मागे लागलेले लोक अशांना साधनसामग्री समजून हेरून ठेवत. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रिया आणि लहान मुलींच्या हत्यांचे जे सत्र घडले, त्याच्या खटल्यात पिंपळावरच्या मुंजा या भुताला संतुष्ट करून गुप्तधन आणि संतती मिळवणे हा हेतू अभियोग पक्षाने मांडला होता. क्षांतिशीलाचे मंडल जसेच्या तसे पुन्हा रेखले गेले, आणि त्यात वेळेवर सावध करणारा वेताळ मात्र नव्हता. अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या हत्येनंतर राज्य शासनाने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेल्या या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कायद्याची भाषा आणि कथेची भाषा यांत कोणतेही साम्य नसले तरी दोघांनी रेष एकाच जागी ओढली आहे, आणि ज्यांना हा कायदा धर्मावरचा घाला वाटला त्यांनी सोमदेव पुन्हा वाचायला हवा होता.

आणखी एक बाजू या विषयात नेहमी अंधारात राहते. भूतपतीची सेवा करून सामर्थ्य मिळवल्याचा दावा जितक्यांनी केला असेल त्याहून तसा आरोप सोसलेल्यांची दुःखे मोठी आहेत. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करणे, गावाबाहेर घालवणे, प्रसंगी तिचा जीव घेणे, हे प्रकार आजच्या काळातही घडले आहेत. त्या बाईने कोणत्याही स्मशानात पाऊल ठेवलेले नसते. कोणाचे मूल दगावलेले असते, कोणाला तिची जमीन हवी असते. पुरुष साधकाला ज्या शक्तीबद्दल कथेत विद्याधरपद मिळते तिच्याच नुसत्या संशयावर बाईला दगड मिळतात, हे या परंपरेचे सर्वांत लाजिरवाणे अंग आहे आणि कोणत्याही रसिक विवेचनाने त्याच्यावर पांघरूण घालता कामा नये.

माहितीच्या साधनांविषयी एक खुलासा करणे उरले आहे. कोकणातील भूतविषयक समजुतींची जी नोंद अभ्यासक आजही वापरतात ती नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याने जमवलेल्या सामग्रीवर आधारलेली आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्यानंतर एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने त्या टिपणांचे संकलन करून कोकणचा खंड १९१५ साली प्रसिद्ध केला. ही माहिती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला लिहून पाठवलेली होती. मास्तर शिकलेले होते, बहुतेक वेळा गावातल्या वरच्या जातीतले होते, आणि भगत किंवा घाडी काय करतो हे त्यांनी दुरून पाहिलेले किंवा ऐकलेले होते. त्यामुळे त्या नोंदींत विधी आहेत, पण ते करणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे जवळपास नाही. तो काय जपतो, कशाला भितो, गुरूने त्याला कोणती बंधने घातली आणि कोणते काम पैसे मिळाले तरी करायचे नाही असे बजावले, हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवे होते.

ही उणीव काही प्रमाणात अजून भरून काढता येईल. जुन्या घरांतून मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेल्या मंत्रांच्या चोपड्या आणि बाडे अद्याप सापडतात. घरातला जाणता माणूस गेला की भीतीपोटी त्या नदीत सोडल्या जातात किंवा जाळल्या जातात, कारण त्या घरात राहिल्या तर काही लागेल असे वाटते. ज्या वाचकाच्या घरी अशी चोपडी असेल त्याने ती पाण्यात न सोडता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संस्थेकडे द्यावी, आणि ती कोणाची होती, कोणत्या गावची होती व तो माणूस तिचे काय करत असे, हे आठवेल तेवढे एका कागदावर लिहून तिच्यासोबत जोडावे.